पीएम-किसान आणि नमो शेतकरी निधीचा हप्ता अडला असेल तर: सातबाऱ्यापासून बँक खात्यापर्यंत दोष कसा शोधावा

हप्ता जमा झाला नाही की बहुतेक शेतकरी गावातल्या किंवा बाजारपेठेतल्या सेवा केंद्रावर जाऊन ई-केवायसी (आधारच्या साहाय्याने ओळख पटवणे) पुन्हा करून घेतात, आणि पुढचाही हप्ता चुकला की बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात. दोष बऱ्याचदा या दोन्ही ठिकाणी नसतो. हप्ता जमा होण्यासाठी महसूल खात्याची जमिनीची नोंद, आधारची नोंद आणि बँकेची नोंद या तिन्ही एकमेकींशी जुळाव्या लागतात, आणि या तीन नोंदी तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या ताब्यात आहेत. त्यामुळे कोणती नोंद अडली आहे हे आधी निश्चित केल्याशिवाय कोणत्याही कार्यालयाची पायरी चढू नये. पुढील सर्व मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे. ते महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना उद्देशून आहे, कारण येथे केंद्राच्या हप्त्याला राज्याचा हप्ता जोडलेला असून एक अडला की दुसराही अडतो.

दोन योजना, एकच यादी

केंद्राच्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचे वितरण २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर येथून सुरू झाले, मात्र योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरण्यात आली. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० रुपये, असे तिचे स्वरूप आहे आणि एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर व डिसेंबर ते मार्च हे तिचे तीन कालखंड आहेत. सुरुवातीला ती दोन हेक्टरपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांपुरती होती. जून २०१९ पासून क्षेत्राची अट काढून टाकण्यात आली. यवतमाळ येथून २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सोळावा आणि वाशीम येथून ५ ऑक्टोबर २०२४ रोजी अठरावा हप्ता वितरित झाला, हे विदर्भातील अनेकांना आठवत असेल.

राज्य सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी योजना जाहीर केली आणि तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथे वितरित झाला. तिचीही रक्कम वर्षाला ६,००० रुपयेच आहे. या योजनेसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही, कारण पीएम-किसानच्या पात्र लाभार्थ्यांची यादीच तिच्यासाठी वापरली जाते. म्हणून नमोचा हप्ता आला नाही अशी तक्रार असेल तरी तपासणी पीएम-किसानपासूनच सुरू करावी. ‘नमोचा फॉर्म भरून देतो’ असे म्हणून कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

आपण पात्र आहोत का, हे आधी पाहावे

ही पायरी अनेकजण गाळतात आणि पुढे वसुलीची नोटीस आली की धावपळ होते. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. अशा एका कुटुंबाला एकच लाभ मिळतो. नवरा आणि बायको दोघांच्याही नावावर स्वतंत्र सातबारा असला तरी दोघांनी लाभ घेता येत नाही. अशी संशयास्पद प्रकरणे बाजूला काढून त्यांचे हप्ते प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत थांबवण्यात येत आहेत. याउलट एकाच सामायिक सातबाऱ्यावर तीन सख्ख्या भावांची नावे असतील, तिघेही विवाहित असतील आणि तिघांचीही कुटुंबे स्वतंत्र असतील, तर तिघेही पात्र ठरतात. त्यासाठी खातेफोड (सामायिक जमिनीची वाटणी होऊन स्वतंत्र खाती) झालेली असणे आवश्यक नाही.

दुसरी अट तारखेची आहे. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी शेतकऱ्याच्या नावावर असली पाहिजे. त्यानंतर खरेदीखताने किंवा बक्षीसपत्राने मिळालेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. एकच अपवाद आहे: त्या तारखेला नावावर जमीन असलेला खातेदार नंतर मरण पावला आणि वारसाहक्काने जमीन आली, तर वारसाला लाभ मागता येतो. वडिलांनी हयातीत २०२१ मध्ये मुलाच्या नावावर जमीन करून दिली असेल तर तो मुलगा या अपवादात बसत नाही, आणि गावोगावी अनेक अर्ज नेमके याच कारणाने नामंजूर होतात.

याशिवाय संस्थांच्या मालकीची जमीन, आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष, सरकारी, निमसरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांचे नियमित कर्मचारी व निवृत्त कर्मचारी (चतुर्थ श्रेणी वगळून), दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे (येथेही चतुर्थ श्रेणी वगळून), मागील कर आकारणी वर्षात प्राप्तिकर भरलेले आणि नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल, वास्तुविशारद हे सर्व वगळलेले आहेत. कुटुंबातील एकजण जरी यांपैकी असला तरी सर्व कुटुंब अपात्र ठरते. पत्नी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असेल आणि शेती पतीच्या नावावर असेल तरी पतीला लाभ घेता येत नाही.

खंडाने किंवा बटईने शेती कसणाऱ्याला, त्याच्या नावावर जमीन नसल्यामुळे, ही योजना काहीच देत नाही. प्रत्यक्ष नांगर धरणारा माणूस वगळला जातो आणि शहरात राहणारा मालक पात्र ठरतो, ही या योजनेतील गंभीर उणीव आहे असे मला वाटते. परंतु सध्याचा नियम तसा आहे आणि खोट्या कागदांनी त्यातून वाट काढण्याचा प्रयत्न अंगलट येतो.

पोर्टलवरील स्थिती कशी वाचावी

पीएम-किसानच्या संकेतस्थळावर ‘फार्मर्स कॉर्नर’ या भागात ‘नो युवर स्टेटस’ ही खिडकी आहे. तेथे नोंदणी क्रमांक टाकून मोबाइलवर आलेला ओटीपी भरला की लाभार्थ्याचे पान उघडते. नोंदणी क्रमांक ठाऊक नसेल तर त्याच खिडकीत तो शोधण्याची सोय आहे आणि त्यासाठी आधार क्रमांक किंवा नोंदवलेला मोबाइल पुरतो. मोबाइल क्रमांक बदललेला असेल तर ‘अपडेट मोबाइल नंबर’ येथून तो आधी बदलून घ्यावा.

या पानावर वरच्या भागात नाव, गाव, नोंदणीची तारीख असते. त्याखाली तीन ओळी असतात आणि सर्व उत्तर त्यांतच आहे: ‘लँड सीडिंग’, ‘ई-केवायसी स्टेटस’ आणि ‘आधार बँक अकाउंट सीडिंग स्टेटस’. तिन्हींपुढे ‘येस’ असायला हवे. जेथे ‘नो’ असेल तेथेच काम आहे. लँड सीडिंग (जमिनीची नोंद पोर्टलशी जोडणे) नाही म्हणजे महसूल किंवा कृषी कार्यालय. ई-केवायसी नाही म्हणजे सेवा केंद्र किंवा स्वतःचा मोबाइल. आधार बँक सीडिंग नाही म्हणजे बँक. पात्रतेच्या रकान्यात ‘इनएलिजिबल’ असे असेल तर त्यापुढे कारणही दिलेले असते आणि ते शब्दशः उतरवून घ्यावे. या पानाची छापील प्रत काढून त्यावर तारीख घालून जपून ठेवावी, कारण पुढे कोणत्याही कार्यालयात हीच पहिली मागितली जाते आणि आपली तक्रार कोणत्या दिवशी काय होती याचा तोच पुरावा असतो.

सातबारा: सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. आठ-अचा उतारा आणि संबंधित फेरफारही (जमिनीच्या हक्कांतील बदलाची नोंद) काढून घ्यावा. आठ-अ हा त्या गावातील खातेदाराच्या सर्व जमिनींचा एकत्र उतारा असतो. दोन गावांत जमीन असेल तर दोन आठ-अ लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

सातबारा हाती आला की गाव नमुना सातमधील भोगवटादाराचा (जमीनधारकाचा) रकाना ओळीने वाचावा. नावासमोर क्षेत्र, आकार (जमिनीचा शेतसारा) आणि कंसात फेरफार क्रमांक असतो. हा फेरफार क्रमांक महत्त्वाचा आहे, कारण जमीन आपल्या नावावर कोणत्या तारखेला आणि कशाच्या आधारे आली हे तोच सांगतो. पोर्टलवर जमिनीची तारीख चुकीची पडली असेल, उदाहरणार्थ २०१२ च्या वारस फेरफाराऐवजी २०२२ च्या बोजाच्या (जमिनीवरील कर्जाच्या) फेरफाराची तारीख पडली असेल, तर १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन घेतल्याचा शेरा येऊन हप्ता थांबतो. अशा वेळी जुना फेरफार जोडून तारीख दुरुस्त करून मागावी. जुने फेरफार आपले अभिलेख या संकेतस्थळावर किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात.

तीन नोंदींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली म्हणजे नावापुढील ‘ए.कु.मॅ.’, अर्थात एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारल्यावर पूर्वी थोरल्या भावाचे नाव असे लावले जाई आणि धाकट्या भावंडांची नावे वारस फेरफारात असूनही सातबाऱ्यावर येत नसत. ज्या भावाचे नाव उताऱ्यावरच नाही त्याची जमिनीची नोंद पोर्टलशी जुळणार नाही, मग तो वीस वर्षे स्वतःचा वाटा कसत असला तरी. ए.कु.मॅ. शेरा कमी करून सर्व वारसांची नावे लावण्यासाठी मूळ वारस फेरफाराची नक्कल जोडून अर्ज करता येतो. दुसरी नोंद ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान असताना आईचे नाव पालनकर्ता म्हणून लागलेले असते आणि मुलगा सज्ञान होऊन त्याची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली तरी तो शेरा तसाच राहतो. वयाचा दाखला जोडून तो कमी करून घ्यावा. तिसरी नोंद ही बायकांच्या बाबतीत सर्वांत अधिक नुकसानाची आहे: विधवेचे किंवा मुलींचे नाव भोगवटादाराच्या रकान्यात न येता ‘इतर अधिकार’ या रकान्यात लिहिलेले असते. त्या बाईला वाटते की आपले नाव सातबाऱ्यावर आहे. पण त्या रकान्यातील नावामुळे ती खातेदार ठरत नाही, तिचा आठ-अ निघत नाही आणि म्हणून तिचा हप्ताही निघत नाही. पती वारल्यावर वारस नोंद करतानाच आपले नाव कोणत्या रकान्यात जात आहे हे नोटिशीची प्रत मागून पाहावे.

वारस नोंदीसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठी पदाचे हे नवे नाव) मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सातबारा व आठ-अ आणि सर्व वारसांच्या आधारच्या प्रती देऊन अर्ज करावा. महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून तो घरबसल्याही करता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे जमिनीचा हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. अर्ज नोंदवला की फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर नाव येते. नोंद घेतली गेली आणि नोंद प्रमाणित झाली यांतील फरक लक्षात ठेवावा. पहिल्याच टप्प्यावर समाधान मानून घरी आलेल्या माणसाचा फेरफार वर्षभर प्रलंबित राहिल्याची उदाहरणे प्रत्येक मंडळात सापडतील. महसूल विभागाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले होते. आपल्या गावात त्या वेळी काय झाले याची विचारणा केली तर कित्येकदा अर्धे काम झालेले आढळते.

नावातील लेखनाची चूक, म्हणजे ‘विठ्ठल’चे ‘विठल’ किंवा वडिलांच्या नावाऐवजी आजोबांचे नाव, ही संगणकीकरणाच्या वेळी पडलेली असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा आणि हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल पुरावा म्हणून जोडावी.

शेतकरी ओळख क्रमांक

शेतकऱ्यांची डिजिटल नोंद ठेवणाऱ्या अॅग्रिस्टॅक प्रकल्पातील शेतकरी ओळख क्रमांक राज्यातील कृषी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाला असून पीएम-किसानच्या नव्या नोंदणीसाठीही तो लागतो. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल आणि सातबारा किंवा आठ-अ एवढ्यावर तो सेवा केंद्रातून काढता येतो. येथे दोन चुका वारंवार होतात. अर्ज भरल्यावर मिळणारा नावनोंदणी क्रमांक हाच शेतकरी क्रमांक समजून लोक थांबतात. प्रत्यक्षात मंजुरी झाल्यावर मिळतो तो खरा क्रमांक. दुसरी चूक म्हणजे एकाच गटाची जमीन जोडून बाकीचे गट सोडून देणे. सर्व गावांतील सर्व गट त्याच वेळी जोडून घ्यावेत, कारण पुढे पीक विमा, नुकसानभरपाई आणि अनुदान यांचे क्षेत्र याच नोंदीवरून पाहिले जाणार आहे. आधारवरील आणि सातबाऱ्यावरील नाव फारच वेगळे असेल तर नावांची जुळणी कमी पडते व मंजुरी रेंगाळते; तेव्हा आधी नाव एकसारखे करून घेणे हिताचे.

ई-केवायसी

हे काम तीन प्रकारे होते: संकेतस्थळावर ओटीपीने, सेवा केंद्रात बोटांच्या ठशांनी आणि पीएम-किसान अॅपवर चेहऱ्याच्या ओळखीने. आयुष्यभर मातीत काम केलेल्या वृद्धांच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, तेव्हा त्यांना केंद्रावर पुन्हा पुन्हा बसवून ठेवण्यापेक्षा चेहऱ्याची ओळख वापरावी. गावातील दुसऱ्या शेतकऱ्याच्या मोबाइलवरील अॅपमधूनही ती करता येते. एकदा स्थिती ‘येस’ झाली की पुन्हा करण्याची गरज नाही.

बँक: खाते क्रमांक नव्हे, मॅपिंग

पीएम-किसानचा हप्ता आता आधारच्या आधारे जमा होतो. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला होता याला फारसा अर्थ उरलेला नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे (एनपीसीआय) प्रत्येक आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचे नाव लिहिलेले असते आणि सरकारचा पैसा त्या बँकेत जातो. शेतकऱ्याने नंतर दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि तेथे थेट लाभ हस्तांतरणासाठी (डीबीटी) संमती दिली की आधीच्या बँकेचे नाव जाऊन नव्या बँकेचे नाव लागते. त्यामुळे जुन्या पासबुकात हप्ता दिसत नाही म्हणून चार महिने तक्रारी करणाऱ्याचे पैसे कधी कधी दुसऱ्याच खात्यात सुरक्षित पडून असतात. मोबाइलच्या दुकानात ‘झिरो बॅलन्स’ म्हणून उघडून दिलेले पेमेंट बँकेचे खाते हे त्यातले नेहमीचे ठिकाण.

म्हणून बँकेत जाण्यापूर्वी ‘माय आधार’ संकेतस्थळावर आधार क्रमांक व ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहावे. तेथे बँकेचे नाव, स्थिती चालू आहे की बंद आणि जोडणीची तारीख दिसते. स्थिती चालू असून नाव दुसऱ्याच बँकेचे असेल तर त्या बँकेत जाऊन शिल्लक तपासावी. स्थिती बंद असेल किंवा काहीच दिसत नसेल तर आपल्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरावा. बँकेत बोलताना ‘आधार लिंक करा’ असे म्हणू नये. खात्याला आधार जोडलेले असणे आणि ते थेट लाभ हस्तांतरणासाठी मॅप केलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली झालेली असली की शाखेतला कर्मचारी ‘तुमचे लिंक आहे’ असे खरेच सांगतो. अर्जावर ‘डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग’ असे स्पष्ट लिहावे, पूर्वीच्या बँकेचे नाव विचारले असेल तेथे ते द्यावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. त्याच भेटीत खात्याची केवायसी मुदतीत आहे ना आणि खाते निष्क्रिय झालेले नाही ना हेही विचारून घ्यावे. शाखेत दाद मिळत नसेल तर पोस्टमनमार्फत इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे आधार जोडलेले खाते उघडणे हा साधा पर्याय आहे. मात्र त्यानंतर इतर सर्व सरकारी लाभही त्याच खात्यात येतील, याची घरात सर्वांना कल्पना द्यावी.

नवी नोंदणी आणि वारसाची नोंदणी

नव्या नोंदणीसाठी आधार, शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आठ-अ, जमीन नावावर आल्याचा फेरफार आणि पती-पत्नी व अज्ञान मुलांचे आधार ही कागदपत्रे तयार ठेवावीत. अर्ज संकेतस्थळावरून स्वतः किंवा सेवा केंद्रातून भरता येतो. तो तालुका स्तरावरील तपासणीनंतर जिल्हा व राज्य स्तरावरून मान्य होतो. नोंदणी व मान्यतेबाबत तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे आणि जमिनीच्या नोंदीबाबत तहसील कार्यालयाकडे जावे. दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवू लागली तर पोर्टलवरील छापील स्थितीच पुढे ठेवावी, कारण काम कोणाचे हे त्यावरूनच ठरते.

लाभार्थी मरण पावल्यास त्याच्या खात्यात येणारे पुढचे हप्ते काढून वापरू नयेत. ते नंतर परत करावे लागतात. कृषी कार्यालयाला मृत्यूचा दाखला देऊन ती नोंद बंद करावी, वारस फेरफार प्रमाणित करून घ्यावा आणि मग वारसाने स्वतःच्या आधारवर नवी नोंदणी करावी. या अर्जाला मृत खातेदाराचे नाव १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी होते हे दाखवणारा जुना फेरफार आणि वारसाचे नाव लागल्याचा नवा फेरफार असे दोन्ही जोडावे लागतात. जुना फेरफार न जोडल्याने अर्ज परत येणे ही नित्याची गोष्ट आहे.

नोंदणी करणाऱ्या महिलेला मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळत असतील तर एक हिशेब आधीच समजून घ्यावा. पीएम-किसान व नमो मिळून वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे दरमहा १,००० रुपये होतात. अशा लाभार्थी महिलेला लाडकी बहीण योजनेतून फरकाचे ५०० रुपयेच मिळतात. महिन्याची एकूण रक्कम १,५०० इतकीच राहते, ती वाढत नाही.

तिन्ही ठिकाणी ‘येस’ आहे, तरी पैसे नाहीत

अशा वेळी त्याच पानावर खालच्या भागात हप्तानिहाय स्थिती पाहावी. ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ याचा अर्थ राज्याने नावाची खातरजमा करून रक्कम पाठवण्याची विनंती केंद्राकडे केली आहे. ‘एफटीओ जनरेटेड’ म्हणजे रक्कम हस्तांतराचा आदेश निघाला असून बँकेकडून खातरजमा यायची आहे. या दोन स्थितींत काही दिवस थांबणे योग्य. व्यवहार फेटाळला गेला असेल तर कारण दिलेले असते आणि ते बहुधा खाते बंद असणे किंवा मॅपिंग नसणे हेच असते.

एक दिलासा नियमातच आहे. पात्र शेतकऱ्याची नोंद ज्या चारमाही कालखंडात झाली त्या कालखंडापासून तो हक्कदार असतो, आणि अपात्रतेखेरीज इतर कारणाने अडलेले हप्ते कारण दूर झाल्यावर मिळू शकतात. म्हणून दुरुस्ती झाल्यावर केवळ पुढच्या हप्त्यावर समाधान न मानता मागील थकीत हप्त्यांची लेखी मागणी करावी.

अपात्र असताना रक्कम आली असेल तर

अशी रक्कम परत करावीच लागते. स्वतःहून लाभ सोडण्यासाठी पोर्टलवर ‘व्हॉलंटरी सरेंडर’ची सोय आहे आणि आधी मिळालेले हप्ते ऑनलाइन परताव्याने किंवा कार्यालयाने सांगितलेल्या मार्गाने भरता येतात. भरणा केल्याची पावती तहसील व कृषी या दोन्ही कार्यालयांत द्यावी. नोटीस चुकीची वाटत असेल, उदाहरणार्थ फक्त शून्य कराचे विवरणपत्र भरलेले असताना करदाता ठरवले गेले असेल, तर त्या वर्षाची विवरणपत्राची प्रत जोडून मुदतीत लेखी खुलासा करावा.

फसवणुकीपासून सावध

हप्ता जाहीर होण्याच्या सुमारास ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये थेट अॅप बसवणारी फाइल) व्हॉट्सअॅपवर फिरते. ती मोबाइलवर घेतल्यास ओटीपी परक्याच्या हाती जाऊन खाते रिकामे होते. अॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावे आणि ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नये, समोरचा कृषी खात्यातून बोलत असल्याचे सांगत असला तरी.

तक्रार कोठे आणि कशी करावी

पहिल्यांदा गावचे सहायक कृषी अधिकारी, नंतर तालुका कृषी अधिकारी, त्यानंतर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी असा क्रम ठेवावा. जमिनीची नोंद असेल तर ग्राम महसूल अधिकारी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार. केंद्राची मदतवाहिनी १५५२६१ आणि १८००-११५-५२६ या क्रमांकांवर आहे, तर राज्याच्या ‘आपले सरकार’ आणि केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर नोंदवलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो व त्यावर पाठपुरावा करता येतो.

तोंडी सांगण्यावर काम सोडू नये. अर्ज एका पानाचा असावा. वर नोंदणी क्रमांक आणि शेतकरी ओळख क्रमांक, त्याखाली पोर्टलवर कोणत्या तारखेला कोणती ओळ ‘नो’ होती हे एका वाक्यात, मग गट क्रमांक, फेरफार क्रमांक व त्याची तारीख, कोणते हप्ते मिळाले नाहीत त्यांचे क्रमांक आणि शेवटी नेमकी मागणी, उदाहरणार्थ ‘फेरफारानुसार जमिनीच्या नोंदीची तारीख दुरुस्त करून लँड सीडिंग पूर्ण करावे’, असे लिहावे. सोबत स्थितीच्या पानाची छापील प्रत जोडावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून, ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेस कोणती कार्यवाही झाली’ एवढा एकच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावा; त्याला तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.